बोरीवरचा राहिलेला मुक्काम

नरहरी,

कार्ड आलं तेव्हा मी घरीच होतो. पोस्टमननं ते नेहमीसारखं हातात दिलं नाही. ओट्याच्या कडेवर ठेवलं आणि मान खाली घालून पुढं गेला. तेव्हाच कळलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. अक्षर तुझ्या थोरल्या भावाचं, तीन ओळी. वाचलं आणि रीतीप्रमाणं तिथल्या तिथं फाडून टाकलं, अशी कार्डं घरात नेत नाहीत. माझी बायको, तुझी वहिनी, परात घेऊन बाहेर आली. "कुणाचं ओ?" म्हणाली. मी म्हणालो, "नरहरी गेला." ती उभी होती तिथंच खाली बसली, परात मांडीवर तशीच, आणि रडायला लागली.

आता खरं सांगायलाच बसलोय, तर इथूनच सुरू करतो. ती रडत होती आणि मी तुलना करत होतो. माझी आई गेली तेव्हा ती किती रडली होती, तिचे वडील गेले तेव्हा किती. तुझ्यासाठी जास्त रडली असं माझ्या मनानं ठरवलं आणि मला राग आला. तुझं दुःख झालं होतं, नाही असं नाही. पण त्याच्या खाली तो जुना जळफळाट होताच. माणूस गेला, त्याची राख झाली, तरी मी त्याच्यावर जळतोय. अशा माणसाच्या घरी तू आठ वर्षं जेवलास.

शाळेच्या हस्तलिखितात तुझ्यावर चार शब्द लिहा, असं बाकीचे गुरुजी म्हणाले. ते वेगळं लिहून दिलं. जन्म, शिक्षण, चित्रकलेची आवड, मुलांत मिळून मिसळून वागणं. सगळं खरं आणि सगळं बिनकामाचं. हे जे लिहितोय ते तुझ्या करारातलं तिसरं कलम आहे. पाच वर्षं उशिरा.

तू आलास ते दिवस आठवतात? पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळा उर्दूच्या मराठी झाल्या होत्या आणि आम्ही जुने मास्तर अधांतरी लटकलो होतो. घरात मराठी बोलत होतो, पण शिकलो उर्दूत, शिकवलं उर्दूत, अर्ज-हजेरी सगळं उर्दूत. फळ्यावर मराठी लिहायला उभा राहिलो की माझा हात आपोआप उजव्या कोपऱ्याकडे जायचा. पोरं तोंडावर पाटी धरून हसायची. आणि त्यात तू बार्शीकडून आलास, मोत्यासारखं अक्षर घेऊन. पहिल्याच आठवड्यात वरच्या कचेरीला पाठवायचा माझा एक अर्ज तू पाहिलास. मी लिहिलं होतं, "खिदमतीत अर्ज पेश करतो की." तू हसला नाहीस. हसला असतास तर मी तुला माफ केलं असतं. तू गपचूप दुसरा कागद घेतलास, सगळा अर्ज नव्यानं लिहिलास, सहीपुरती जागा सोडलीस आणि म्हणालास, "दिगंबर, एवढी सही कर." त्या दिवसापासून मी तुझा मित्र झालो आणि त्याच दिवसापासून तुझा हेवा करायला लागलो. दोन्ही एकदमच.

शाळेत "नरहरी गुरुजी, तुम्ही" आणि घरी "नरहरी, तू" असं आपलं चालायचं. तुझं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, हे मी कधी विचारलं नाही. तुझ्या वहिनीला माहीत होतं. तू तिला केव्हा सांगितलंस कोण जाणे, मी तिथंच पाटावर बसून भाकरी मोडत असेन.

तुला विचारायची खोड होती. कुणालाही काहीही. हुसेनचाचा आपल्या शाळेचा शिपाई, वीस वर्षं माझ्यासमोर घंटा वाजवली त्यानं. त्याच्या हातावर भाजल्याचा डाग कशाचा, हे मला तुझ्याकडून कळलं. गावातल्या चिंचेला भुताची चिंच का म्हणतात, हे या गावात जन्मून मला माहीत नव्हतं, तुला महिन्यात कळलं. लोक तुला सांगायचे. मला नमस्कार करायचे.

नदीचं वेड तुला अणदूरला लागलं. मार्गशीर्षात आपण दोघं खंडोबाला गेलो होतो. देव नळदुर्गला निघायचा होता. आम्हाला त्यात नवल नाही, देव अणदूरला राहतो आणि वर्षातून दीड-दोन महिने बोरीकाठी नळदुर्गला जातो, लहानपणापासून बघत आलोय. पण तू पाहिलंस ते लिखापढीचं. नळदुर्गचे मानकरी आले, अणदूरचे बसले, देव किती दिवस ठेवणार, कधी परत आणून पोचवणार, सगळं कागदावर लिहिलं, सगळ्यांसमक्ष वाचून दाखवलं, आणि मगच पालखी उठली. तू तोंड उघडं ठेवून बघत होतास. परत येताना सगळी वाट तेच.

"अरे दिगंबर, देव नदीवर मुक्कामाला जातो, तोसुद्धा लेखी करार करून! देवाच्याही शब्दावर विश्वास नाही यांचा!"

"देवाच्या आहे. नळदुर्गकरांच्या न्हाई," मी म्हणालो.

तू हसून हसून वाटेत बसलास. तुला मी हसवल्याचा तो एक प्रसंग मला अजून पुरतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू आमच्याकडे फुलस्केप कागद घेऊन आलास. आपला करार. लिहून देणार, दिगंबर मास्तर, नरहरी मास्तर व सौ. वहिनी. लिहून घेणार, बोरी नदी. पौषी पौर्णिमेची जत्रा उलगल्यावर येणाऱ्या शनिवारी आम्ही तुझ्या काठी मुक्कामास येऊ व मंगळवारी परत फिरू. कलम पहिलं, शाळेचं नाव काढणार नाही. कलम दुसरं, सौ. वहिनी चुलीला हात लावणार नाहीत, स्वयंपाक मास्तर करतील व वहिनी नावं ठेवतील. कलम तिसरं, प्रत्येकानं आजवर कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट नदीवर सांगायची.

साक्षीला हुसेनचाचाला बोलावलंस. त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला. "म्या साक्ष देतो साब, पन नदी अंगठा कुठं देनार?"

"तिथं गेल्यावर घेऊ, चाचा. कागद भिजला की झाला अंगठा."

"मग लई मोठा अंगठा व्हईल," चाचा म्हणाला आणि खाली उर्दूत सही केली. तुझ्या वहिनीनं पदराआड हसत आपलं नाव लिहिलं. मीही केली सही. पण ते तिसरं कलम माझ्या घशाखाली उतरलं नाही. कुणाला न सांगितलेली माझ्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती तुमच्या दोघांसमोर सांगण्यासारखी नव्हती.

मग तो बेत सुरू झाला. नरहरी, चार दिवसांच्या मुक्कामासाठी महिनाभर बेत करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तू एका रविवारी एकटाच चालत जाऊन जागा बघून आलास. किल्ल्याच्या वरच्या अंगाला नदी वळते तिथं, बाभळीच्या बेटाजवळ. येऊन नकाशा काढलास. वारा कुठून येतो त्याचा बाण, चुलीच्या तीन दगडांची जागा, पाणी कुठं उथळ, कुठं डोह. राहुटीच्या दोरांच्या गाठी कशा मारायच्या, त्यांचीही चित्रं. एकेक गाठ चार-चार चित्रांत. कुणी शिकवलं म्हणावं तुला हे. मी बाजेवर पडून वर्तमानपत्र वाचल्याचं सोंग करायचो आणि तू आणि तुझी वहिनी खाली घोंगडीवर बसून भांडायचात.

"धपाटे दोन दिवस टिकतील. तिसऱ्या दिवशी काय?" ती.

"तिसऱ्या दिवशी दिगंबरची खिचडी."

"म्हंजे उपासच की भाऊजी."

दोघं हसायचात. मीही हसायचो, वर्तमानपत्रामागं, दात आवळून.

राहुटी आमच्याच घरात शिवली. मांजरपाटाचे दोन तागे तू आणलेस. तिच्या मशीनवर ती बसली आणि तू समोर जमिनीवर मांडी घालून कापड सरकवत राहिलास. तिचा पाय पायडलवर, तुझे दोन्ही हात कापडावर, मधून ती "थांबा" म्हणायची, तू थांबायचास, "हं" म्हणायची, तू सरकवायचास. पाच संध्याकाळी हे चाललं. त्यात वावगं काही नव्हतं. नव्हतंच. मी शपथेवर लिहीन. तू तिच्याकडे बघायचास ते समोरच्या माणसाकडे बघावं तसं, एवढंच. पण अकरा वर्षांत मी तिच्या मशीनपुढं एकदाही बसलो नव्हतो आणि "थांबा" म्हटल्यावर थांबलो नव्हतो. वावगं काही असतं तर मला ओरडता तरी आलं असतं.

चौथ्या संध्याकाळी तू नकाशावर बोट ठेवून म्हणालास, "या डोहात पोहता येईल."

मी बाजेवरून म्हणालो, "कुणाला येतंय हितं पोहायला?"

"वहिनींना येतं की."

मशीन थांबलं. ती सुईत दोरा ओवायला लागली, जो ओवलेलाच होता.

"मला म्हणाल्या होत्या एकदा. माहेरी भीमेत भोपळा बांधून शिकल्या. दोन वर्षांत भोपळा सोडला आणि नदी पार केली. हो ना वहिनी?"

"लहानपणची गोष्ट," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

आमच्या घरात दोघंच माणसं. मूलबाळ नाही. अकरा वर्षं एकमेकांच्या तोंडाकडे बघत जेवलो. तिला डावा कान कमी ऐकू येतो ते मला माहीत, तिला वांग्याचं वावडं ते माहीत. आणि ती भीमा पार करते, हे मला तू सांगितलंस. तुला कसं कळलं ते मी नंतर आठवून काढलं. एकदा ती ताटात वाढत होती आणि तू विचारलं होतंस, "वहिनी, तुमच्या माहेरची नदी कोणती?" एवढंच. मी शेजारीच होतो. मी लोणचं मागितलं होतं.

त्या दिवसानंतर मला काही सुधरेना. वर्गात शिकवताना डोळ्यापुढं डोह यायचा. डोहात ती, काठावर तू, आणि मी कुठं? मी खिचडी ढवळत.

जायच्या आधी तीन दिवस. बुधवार होता. मी शाळेतून लवकर घरी आलो. ओट्यावर तुझ्या चपला. आत तुम्ही दोघं हसत होतात, आणि मधे जमिनीवर एक वाळलेला भोपळा, हा एवढा मोठा, त्याला सुतळीचं जाळं विणलेलं. मला बघून दोघंही गप्प झालात आणि मग ती पुन्हा फिस्सकन हसली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तुझ्या पाठीला बांधायला," तू म्हणालास. "नळदुर्गच्या बाजारातून मुद्दाम आणलाय. वहिनी तुला पोहायला शिकवणार."

"मला?"

"म्हंजे काय, बुडायचंय का?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून. तिला असं हसताना मी त्या घरात पाहिलं नव्हतं. तुम्ही दोघांनी माझ्यासाठी बेत केला होता आणि मला वाटलं, माझ्यावर केला.

मी काही बोललो नाही. मला बोलता येत नाही, हे तुला माहीत होतं. तू नेहमी म्हणायचास, दिगंबरचं मौन म्हणजे सही. त्या दिवशी ते सही नव्हतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी तुला बाजूला घेतलं आणि सांगितलं, डिप्टी साहेब येणार आहेत. शनिवार ते मंगळवार, कधीही. मुआयना. मी तपासणीला अजून मुआयनाच म्हणायचो.

"कागद आलाय?"

"तोंडी निरोप. जळकोटहून. मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितला."

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. किती वेळ, ते सांगता येत नाही. मला तो लांब वाटला, पण खोटं बोलणाऱ्याला सगळंच लांब वाटतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "मग राहू दे नदी. ती कुठं जातेय? हेडमास्तर झाल्यावर तुझी पहिली तपासणी आहे. शाळा अशी करू, की साहेब चप्पल काढून आत येईल."

आणि तू ती केलीस. नरहरी, मी हेच लिहायला बसलो होतो आणि इतका वेळ कार्ड, करार, मशीन करत इथं येणं टाळत होतो. शनिवारी तू चुना कालवलास. रविवारी पोरांना बोलावून जमिनी सारवून घेतल्यास, तक्ते नव्यानं लिहिलेस. सोमवारी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा रंगवायला घेतलास, परंड्यापासून उमरग्यापर्यंत, तेरणा, मांजरा, बोरी सगळ्या निळ्या. अंगावर चुन्याचे ठिपके, बोटं निळी. मधल्या वेळात माझ्या खोलीत येऊन बसायचास आणि माझं दफ्तर तपासायचास. टाचणं, लॉगबुक, शेरे. जिथं जिथं माझी मराठी उर्दूच्या वळणानं गेली होती तिथं तिथं बारीक पेन्सिलीनं दुरुस्ती. "हे एवढं शाईनं गिरवून घे. साहेबाला वाटायला नको की तुला येत नाही." येत नव्हतंच मला. तुझ्या हातून ते झाकलं जात होतं, अशा साहेबापासून, जो येणार नव्हता.

हुसेनचाचा चारही दिवस सकाळी सडकेवर जाऊन उभा राहायचा, जळकोटकडून येणाऱ्या गाडीची वाट बघत. डोक्याला नवा रुमाल बांधून. परत येऊन म्हणायचा, "आज बी न्हाय आले साब."

मंगळवारी दुपारपर्यंत शाळा अशी दिसत होती की मला आत जायला लाज वाटत होती. संध्याकाळी तू नकाशासमोर उभा राहून हात पुसलेस.

"आला असता तर बरं झालं असतं रे," म्हणालास. "एवढी नटलीय."

तुला कळलं होतं का? हा प्रश्न मी तुला पाच वर्षांत विचारू शकलो नाही. विचारायची सवय तुझी, माझी नव्हे. पुढच्या वर्षी मी प्लेगच्या टोचणीचं निमित्त केलं, त्याच्या पुढच्या वर्षी करायची गरज पडली नाही. तुझी परंड्याकडे बदली झाली. ती माझ्यामुळं नव्हे, तेवढा एक डाग तरी माझ्यावर नाही. पण तुझी गाडी हलली तेव्हा मला हलकं वाटलं, आणि हे हलकं वाटणं मला आजही आतून कुरतडतं. घरी आलो तर तुझी वहिनी म्हणाली, "आता बोलायला कोण येणार?" मी समोर उभा होतो.

राहुटीचं काय झालं, तर तिनं ती फेकली नाही. त्या गुरुवारीच मी बेत मोडल्याचं सांगितल्यावर तिनं गाठोडं सोडलं, बेतासाठी दळलेल्या पिठाचे धपाटे मला तीन दिवस वाढले, आणि राहुटी घडी करून माळ्यावर टाकली. उन्हाळ्यात काढली ती कुरडया वाळत घालायला. पाच उन्हाळे आमच्या माळवदावर तुझी राहुटी पसरलेली असायची आणि तिच्यावर कुरडया. भोपळा देवघराच्या मागच्या खुंटीला. त्याच्याकडे बघायला नको म्हणून मी पूजा तिच्यावर सोपवली.

कार्ड आल्यावर तेराव्या दिवशी मी माळ्यावर चढलो. राहुटी खाली काढली. करारही सापडला, नकाशाच्या घडीत. तिनं बघितलं आणि विचारलं, "कुठं?"

"पौषी जत्रा उलगली की," मी म्हणालो. "शनिवारी."

 शुक्रवारी धपाट्यांचा वास आला.

हुसेनचाचानं बैलगाडी जमवून दिली. येतो का म्हटलं तर म्हणाला, "साक्षीदार करारात जात न्हाय साब, कराराच्या भायेर बसतो." बाभळीचं बेट तू काढलंस तिथंच होतं. तीन दगड मी तुझ्या बाणाप्रमाणं मांडले आणि धूर खरंच माझ्या तोंडावर आला नाही. त्याचाही मला राग आला, इतका तू बरोबर होतास. राहुटी उभी केली, तिला कुरडयांचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन नदीवर आल्यावर, मी करार काढून वाचला. मोठ्यानं. शाळेचं नाव नाही. तुझी वहिनी चुलीला शिवली नव्हती, खिचडी लागली होती आणि तिनं कलमाप्रमाणं नावं ठेवली होती. मग तिसरं. तिथं मी थांबलो. पाण्याकडे बघत म्हणालो, "त्या वर्षी डिप्टी यायचे नव्हते. मी बनवून सांगितलं."

ती बांगड्या मागं सारत होती. "ठाऊक हाय मला."

"कधीपासनं?"

"त्याच दिवसापासनं. जळकोटच्या गाडीचा डायवर त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला गेला होता. त्याची सासू मला आडावर म्हणाली."

"नरहरीला सांगितलंस?"

"न्हाई." मग म्हणाली, "त्यांनी विचारलं न्हाई. सगळ्या जगाला सगळं विचारणारा माणूस. तेवढं एक कधी विचारलं न्हाई."

मला माझं उत्तर मिळालं, नरहरी. पाच वर्षं जे विचारता आलं नाही त्याचं. तुला कळलं होतं, आणि तू तरी चुना कालवलास.

"आता माझी," ती म्हणाली. "कलम तीन. पोहण्याचं मी भाऊजींना सांगितलं, कारण त्यांनी विचारलं. पण मी अकरा वर्षं वाट बघत होते, की तुम्ही विचाराल."

 मी कागदाची घडी घातली. ती उठली, कासोटा आवळला, पदर खोचला आणि डोहाकडे गेली. पौषातलं पाणी. कमरेपर्यंत गेली, ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं, आणि मग नव्हतीच.

मी उठलो. पाणी सपाट झालं. मी हाक मारली, आणि तोंडातून तिचं माहेरचं नाव आलं, जे मी तिच्या भावाच्या पत्रांत वाचलं होतं पण कधी उच्चारलं नव्हतं. "सरू!" डोहाच्या पार पलीकडे तिचं डोकं वर आलं. केस चपटे, तोंड उघडं, हसत. मग ती परत फिरली आणि हात मारत आली. पाणी कापत. कुणाला दाखवायचं नसल्यासारखी, घाई नसलेली. चाळिशीची बाई, अंगावर नऊवारी, आणि तिच्या पाठीमागं पाण्याची रेघ सरळ ओढल्यासारखी.

तू हे वर्णन करून सांगितलं होतंस, पण तू हे पाहिलं नाहीस. तुझ्याकडे ऐकलेलं होतं. पाहिलं मी. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यापाशी नसलेलं असं काहीतरी माझ्यापाशी आलं, नरहरी, आणि मला ते ताबडतोब तुला सांगावंसं वाटलं. मी वळलोसुद्धा. बाभळीखाली राहुटी होती, तिच्या तोंडाशी दोन जोड चपला.

"बसलाय काय?" ती पाण्यातून ओरडली. "भोपळा आणलाय न्हवं?"

आणला होता. गाडीत मीच घातला होता, घोंगडीखाली लपवून. पाठीला बांधायची गाठ मला येईना. मग तुझा नकाशा काढला. मागच्या बाजूला, राहुटीच्या गाठींच्या खाली, एक वेगळी गाठ होती, चार चित्रांत, आणि शेजारी तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात, "दिगंबरसाठी. सुटणार नाही अशी." मी ती तीनदा चुकवली. चौथ्यांदा बसली. करार धोतराच्या कनवटीला तसाच राहिला होता. पाण्यात शिरल्यावर लक्षात आलं, तोवर नदीनं अंगठा दिला होता.

पाणी असं गार की श्वास अडकला. तिनं माझ्या हनुवटीखाली हात धरला.

"पाय सोडा आता."

"बुडेन."

"न्हाई बुडत. भाऊजींची गाठ हाय."

मी पाय सोडले.